एक नग जास्त

सुरेंद्र चांदोरकर निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्यालाच घड्याळ द्यायचं, ही पद्धत चाकणपासून पिंपरीपर्यंत सगळ्या कंपन्यांत आहे आणि ती बदलावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही. चाकणच्या त्या गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निरोपाच्या भाषणात मोठ्या साहेबांनी 'पोकळी' हा शब्द तीनदा वापरला. चौथ्या दिवशी विसरलेला जेवणाचा डबा आणायला सुरेंद्र कंपनीत गेले, तर पोकळीत एक तरुण बसला होता. खुर्ची तीच, टेबल तेच, चहाचा कपसुद्धा यांचाच. पोरगा संस्कारी होता. अदबीने उठून म्हणाला, "काका, कुणाकडे काम होतं?"

हे त्यांनी घरी येऊन बायकोला, चित्राबाईंना, हसत हसत सांगितलं. चित्राबाईही हसल्या. त्यानंतर पंधरा दिवस सुरेंद्र चिंचवडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले आणि स्वयंपाकघरातली सगळी झाकणं आपापल्या डब्यांना बसतात का ते तपासत राहिले. सोळाव्या दिवशी चित्राबाईंनी मुलाला बंगळूरला फोन लावला. त्या म्हणाल्या, काहीही पाठव, पण मोजता येईल असं पाठव.

अनिशने एक खोका पाठवला. खोक्यावर अमेरिकेतल्या जुन्या वाळवंटी गावाचं चित्र होतं. शेरीफचं लाकडी ऑफिस, खांबाला बांधलेला घोडा, टोपी डोळ्यांवर ओढलेला डाकू. आत प्लॅस्टिकचे एकमेकांत टच्च बसणारे ठोकळे, बोटाच्या पेराएवढी माणसं आणि काय कशात बसवायचं ते दाखवणारी पुस्तिका. खोक्यावर 'वय वर्षे बारा व पुढे' अशी सूचना होती. सुरेंद्र पुढेच होते.

त्यांनी एका दुपारी सगळं जोडलं. शेरीफ ऑफिसात बसला, डाकू गजाआड गेला, घोडा खांबाशी उभा राहिला. आणि ताटलीत चार तुकडे उरले.

आता हे समजून घेतलं पाहिजे. गिअरबॉक्स जोडून झाल्यावर ट्रेमध्ये एक बोल्ट उरला, तर कुणी "वा, एक बोल्ट फुकट मिळाला" असं म्हणत नाही. आत कुठेतरी एक भोक रिकामं आहे, एवढाच त्याचा अर्थ. लाइन थांबते. केलेला सगळा माल अडकवून ठेवतात. सुरेंद्रांनी बत्तीस वर्षांत अशी लाइन सतरा वेळा थांबवली होती आणि सतराही वेळा ते भोक सापडलं होतं. म्हणून त्यांनी शेरीफचं ऑफिस उसकटलं आणि पुन्हा जोडलं. चार तुकडे. तिसऱ्यांदा जोडलं. चार.

"अहो, मुद्दामच चार-दोन जास्त देतात ते," चित्राबाई म्हणाल्या. "भाजीवाला वर कोथिंबीर टाकतो तसं."

"कोथिंबिरीची गोष्ट वेगळी. जास्त असं काही नसतं, चित्रा. जास्त दिसतं तेव्हा कुठेतरी कुणाची तरी जागा रिकामी असते."

चित्राबाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात लाल ट्रे आला. कंपनीत लाल ट्रे म्हणजे लाइनवर ज्याला जागा नाही असा माल. ट्रेवर सुरेंद्रांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'जास्त नग. जागा सापडेपर्यंत ठेवणे.' पुढे सेट वाढत गेले तसा ट्रेही भरत गेला. एखादी टोपी, एखादं पिस्तूल, मेणबत्तीची ज्योत. रोज सकाळी चहा झाला की सुरेंद्र त्यातला एकेक नग चिमटीत धरायचे, उजेडाकडे करून निरखायचे आणि स्वतःशीच विचारायचे, "हा कुठल्या सेटमधला?" घरात ही ओळ आरतीसारखी ठरूनच गेली.

दोन वर्षांत त्या एका ऑफिसाचं गाव झालं. सलून, बँक, तुरुंग, चर्च, लोहार, चार घोड्यांची टपाल-बग्गी. मागच्या खोलीतला पलंग गेला आणि तिथे अख्खं टेबल आलं. प्रत्येक माणूस यादीशी ताडून झाला की सुरेंद्र त्याला उलटा करून उजव्या पायाखाली पिवळ्या पेंट मार्करने एक बारीक ठिपका द्यायचे. कंपनीत तपासलेल्या बोल्टवर देतात तसा. ठिपका दिला म्हणजे नग पास. सुरेंद्रांचं मनगट जरा वाकडं पडायचं, म्हणून त्यांच्या ठिपक्याला डावीकडे बारीकशी शेपटी यायची. कंपनीत ती शेपटी बघून लोक निर्धास्त व्हायचे.

या वेडात त्यांना साथ होती मारुतरावांची. मारुतराव निघोजे गावचे. जमिनीचा बराचसा भाग कारखान्यांत गेला, तेव्हा त्याच कारखान्यात मशीनवर लागलेले. सुरेंद्रांनी वीस वर्षं त्यांचा माल नापास केला होता आणि त्यातूनच दोघांची मैत्री झाली होती. घरची बैलगाडा शर्यतीची परंपरा, त्यामुळे जनावर दिसलं की मारुतराव थांबायचे. एकदा पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले आणि टपाल-बग्गीपुढे उभे राहिले.

"घोडी चुकीची जुपलीत, साहेब. जड जनावर डाव्या अंगाला पायजे."

पत्रिका द्यायची राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी बग्गी तीनदा जुंपली. सलून म्हटल्यावर न्हाव्याची खुर्ची कुठाय म्हणून शोधली. तिथे दाढी होत नाही, दारू मिळते असं कळल्यावर म्हणाले, मग सरळ परमिट रूम म्हना की. त्यानंतर तेही जमवू लागले. वाटणी साधी होती. "मानसं तुमची, जनावरं माझी."

कासारवाडीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून दोघांना सांगवीच्या स्वप्नालीचा पत्ता लागला. ही हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी. तिच्याकडे दर रविवारी असले नऊ वेडे जमायचे. ती, सुरेंद्र आणि मारुतराव धरून नऊ. डिसेंबरात चिंचवडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन असे. तिथे एका सभासदाने दुसऱ्याचा संग्रह यादी घेऊन मोजायचा आणि सगळं असलं तर हिरवी चिठ्ठी लावायची: 'पूर्ण'. आधी नियम एवढाच होता की काही कमी नको. सुरेंद्रांनी पहिल्याच बैठकीत दुरुस्ती सुचवली. कमी नको तसं जास्तही नको. बाकीच्यांनी मान डोलावली, कारण नाही म्हटलं असतं तर ते आणखी बोलले असते.

ती हिरवी चिठ्ठी त्यांना हवी होती. फार हवी होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शेरा मारला होता. आता एकदा कुणीतरी यांच्याकडे बघून म्हणावं की सगळं जागच्या जागी आहे, काही उरलेलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात किराणा दुकानाचा सेट आला. सीलबंद. जोडून झाल्यावर ताटलीत उरलं ते असं: एक कंदील, एक पिस्तूल आणि एक माणसाचं धड.

सुरेंद्रांनी लगेच स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, काका, धड कधी जास्त येत नाही. पिशव्या वजनावर भरतात. अगदी बारीक तुकडे वजनात कळत नाहीत म्हणून एखादा जास्त टाकतात. धड तर कळतंच.

"पण आलंय."

"मग कुठेतरी लावायचं राहिलं असेल तुमच्याकडून."

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. सुरेंद्र त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

धड करड्या शर्टाचं होतं. खिसा होता आणि खिशाला दोन पेनं लावलेली, एक निळं, एक लाल. त्या वाळवंटी गावात कुणाच्याच खिशाला पेन नव्हतं. बँकेच्या कारकुनाच्याही नव्हतं. तो बोरू वापरत असावा.

आठ दिवसांनी डॉक्टरच्या घराचा सेट जोडला आणि पाय उरले. साधी काळी पँट. त्यानंतरच्या मंगळवारी स्टेशनमास्तरचा सेट उघडला. तोही सीलबंद, तोही यांनी स्वतःच्या हाताने फोडलेला. त्यात डोकं उरलं. चष्मा, पातळ मिशी आणि उजवी भुवई किंचित वर गेलेली.

त्यांनी डोकं धडावर बसवलं, धड पायांवर बसवलं. टच्च, टच्च. ट्रेमधली एक टोपी घातली. मग त्याला तळहातावर उभा करून चित्राबाईंना दाखवायला स्वयंपाकघरात धावत गेले. साठीनंतर माणूस धावतो ते एक तर दूध उतू जाताना, नाहीतर असल्या वेळी.

चित्राबाईंनी हात पुसून चष्मा लावला. "अगंबाई. तुम्ही मेथी निवडताना अगदी असेच दिसता."

"तो मुद्दा नाही. हा कुठल्या सेटमधला?"

ठिपका देण्यासाठी सुरेंद्रांनी त्याला उलटा केला. उजव्या पायाखाली ठिपका होता. पिवळा, थोडा झिजलेला. डावीकडे शेपटी.

"दिला असेल तुम्हीच."

"मी आत्ता जोडलाय याला, चित्रा."

कुकरची तिसरी शिट्टी झाली. चित्राबाईंनी गॅस बंद केला.

एखाद्याला अशा वेळी भीती वाटली असती. सुरेंद्रांना वाटलं, आज ऑफिस असतं तर किती मजा आली असती. त्यांनी वहीत तारीख, वार, सेट क्रमांक आणि निरीक्षण अशा चार रकान्यांत सगळं लिहिलं आणि संध्याकाळी त्या गृहस्थाला लाल ट्रेमध्ये ठेवून दिलं.

सकाळी तो सलूनच्या व्हरांड्यात उभा होता.

कुणी हलवला, असं विचारल्यावर चित्राबाई म्हणाल्या, माझा गुडघा दुखतो, मला तुमच्या गावात फिरायला सवड नाही. धुणंभांडी करणाऱ्या सरूबाईंना विचारलं, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "म्या त्या खोलीत झाडू मारायचं सोडलंय, दादा. त्यातला एकजन मी वाकले की बघतो." कधीपासून सोडलं, असं सुरेंद्रांनी विचारलं. सरूबाई म्हणाल्या, दिवाळीच्याही आधीपासून. तेव्हा तर त्याचं धडही आलं नव्हतं.

हेही वहीत गेलं.

त्यांनी त्याला पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्या सकाळी तो बँकेच्या रांगेत होता. तिसऱ्या सकाळी चर्चच्या बाकावर. चौथ्या सकाळी टपाल-बग्गीची वाट बघणाऱ्यांत, हात जरासा वर केलेला. सुरेंद्रांनी प्रत्येक वेळी पुस्तिका उघडून बघितली. त्या जागी चित्रात कुणीच नव्हतं. पण तो तिथे उभा राहिला की आधी ती जागा मोकळी होती हेच चुकल्यासारखं वाटायचं. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या गावातली बाकीची माणसं खेळण्यातली वाटेनाशी झाली. ती आपापल्या कामात होती. कुणाच्या तरी येण्याने आता सगळं सुरळीत चाललं होतं.

रविवारी सकाळी सुरेंद्रांनी शिरगणती केली. यादी बेचाळीस माणसांची होती. एकेक नाव घेतलं, माणूस बघितला, खूण केली. शेरीफ, हजर. डाकू तिघं, हजर. डॉक्टर, कारकून, लोहार, सगळे हजर. बेचाळीसच्या बेचाळीस. शिवाय हा यादीत नसलेला, म्हणजे त्रेचाळीस व्हायला हवे. त्यांनी टेबलावरची डोकी मोजली.

बेचाळीस.

परत मोजली. सोडल्याला घेऊन, घेतल्याला सोडून, उजवीकडून, डावीकडून. त्याला सोडून यादीप्रमाणे बेचाळीस. त्याला धरून बेचाळीस.

चित्राबाईंना बोलावलं. त्यांनी पट्टी घेऊन शिकवल्यासारखं एकेका डोक्यावर पट्टी टेकवत मोजलं. बेचाळीस आले. यादी वाचली, कुणीच गैरहजर नव्हतं. त्या खाली बसल्या. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत उत्तर बरोबर आणि गणित चूक अशी पोरं पुष्कळ भेटली होती. गणित बरोबर आणि उत्तरही बरोबर असून पटू नये असं कधी झालं नव्हतं.

"आकडा जुळतोय ना," त्या म्हणाल्या. "मग आता मोजू नका."

मारुतराव दुपारी आले. त्यांनी गृहस्थाकडे निरखून बघितलं, मग सुरेंद्रांकडे. "ह्यो आपल्यातला दिसतोय," एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ घोड्यांनाही हात लावला नाही. सुरेंद्रांनी त्यांना शिरगणतीची गंमत सांगितली. एक जास्तीचा होता आणि आता तो जास्तीचा उरला नाही, जागा सापडली त्याला. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"साहेब, एक सांगू का. बांध सरकवला म्हनून जिमीन वाढत न्हाई. ह्या अंगाला हातभर आली की त्या अंगाला कुनाची तरी हातभर जाती. जास्तीचा जो असतो त्यो जात न्हाई कुटं. हितनं उचलला की तितं पडतो."

"मग काय करू म्हणता?"

"इंद्रायनीत सोडा त्याला. आजच."

सुरेंद्रांनी त्या गृहस्थाला चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं. चष्म्यामागून तो भुवई उंचावून बघत होता, जसं काही निकाल यांनी नव्हे, त्याने द्यायचा होता.

"नाही जमायचं, मारुतराव," ते म्हणाले. "जागा नाही म्हणून कुणाला बाहेर काढायचं, ते आपल्याच्याने व्हायचं नाही."

त्यांनी त्याला व्हरांड्यात उभा केला. ट्रेमधल्या टोप्या, पिस्तुलं, ज्योती एका डबीत भरून माळ्यावर टाकल्या आणि लाल ट्रे घासून, पुसून, पालथा घातला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच रिकामा झाला होता. चिठ्ठी मात्र खरवडून निघाली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सुरेंद्र पहाटेच उठून तयार होते. चित्राबाईंचा गुडघा सुजला होता, त्या घरीच राहणार होत्या. निघताना ते म्हणाले, संध्याकाळी हिरवी चिठ्ठी घेऊनच येतो. चित्राबाईंनी मान हलवली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की दोन कप चहा केला होता, दोन्ही कप संपले होते, आणि आपण चहा प्यायल्याचं मात्र आपल्याला आठवत नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, चपला-बूट दाराशी काढायचे होते. दहा वाजेपर्यंत गर्दी झाली. लहान मुलं, त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे वडील. सुरेंद्रांच्या गावाभोवती तर कोंडाळंच पडलं. व्हरांड्यातला गृहस्थ सगळ्यांना आवडत होता. लोक फोटो काढत होते ते त्याचेच. सुरेंद्रांना आनंद मावेना.

स्वप्नालीने गळ्यात घालायची कार्डं वाटायला घेतली. नऊ सभासद, नऊ कार्डं. सुरेंद्रांनी हात पुढे केला तेव्हा पिशवी रिकामी होती.

"एक मिनिट हं, काका," ती म्हणाली आणि मोजू लागली. नऊ गळे. नऊ कार्डं. नवीन कुणीच नव्हतं, सगळे ओळखीचे. ती पुन्हा पिशवीत बघून दुसऱ्या कामाला लागली.

सुरेंद्रांनी स्वतः मोजलं. स्वतःला सोडून नऊ.

स्वतःला धरून नऊ.

त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो अर्धा आनंदाचा होता. एकदा घडलं तर योगायोग. दुसऱ्यांदा घडलं म्हणजे त्यामागे काहीतरी आहे. खिशात वही असती तर त्यांनी तिथेच लिहून काढलं असतं. पण वही खिशात नव्हती. पिवळा मार्कर तेवढा होता.

गाव मोजायची पाळी मारुतरावांची निघाली. यादी हातात घेऊन ते सतरंजीवर गुडघे टेकून बसले, शर्यतीचे बैल बघावेत तसे, जमिनीलगत मान करून. त्यांचे तळपाय मागे उभ्या सुरेंद्रांना दिसत होते. उजव्या टाचेवर काहीतरी पिवळं होतं. काल बैलगाडे पळवतात त्या घाटात, शर्यतीला गेले असतील, सुरेंद्रांना वाटलं. भंडारा असेल.

"बेचाळीस," मारुतराव म्हणाले. "एकबी कमी न्हाई. एकबी जास्त न्हाई."

त्यांनी हिरवी चिठ्ठी लिहिली. सावकाश, नाव, तारीख, 'पूर्ण'. सुरेंद्रांनी शेकहँडसाठी हात पुढे केला.

मारुतरावांनी चिठ्ठी सलूनच्या खांबाला टेकवली. करंगळीने त्या गृहस्थाच्या टोपीला अलगद स्पर्श केला.

"अभिनंदन, साहेब," ते त्याला म्हणाले.

सुरेंद्रांचा हात हवेतच राहिला.

मग सगळ्यांचा फोटो झाला. स्वप्नालीची जागा राखून बाकीचे आठ जण गावामागे दाटीने उभे राहिले. स्वप्नाली मोबाइल जमिनीवर टेकवायला गुडघ्यांवर बसली. तिच्याही उजव्या पायाखाली पिवळं होतं. सतरंजीचा रंग जात असेल, सुरेंद्रांना वाटलं. त्यांनी सतरंजी बघितली. ती निळी होती.

स्वप्नालीने मान वळवली. ती हसली, गोड हसली, आणि म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

ते बाजूला झाले.

रिक्षाने घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते, अजून संधिप्रकाश होता. जिन्यात कुणाच्या तरी घरी फोडणी पडली होती. किल्लीने दार उघडलं. किल्ली लागली, याचं त्यांना नवल वाटलं, आणि नवल वाटल्याचं जास्त नवल वाटलं.

चित्राबाई दिवाणावर पाय लांब करून टीव्ही बघत होत्या. गुडघ्यावर शेकायची पिशवी.

"या," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "बसा."

सांगायचं पुष्कळ होतं. चिठ्ठी मिळाली. गाव पूर्ण झालं. सुरेंद्र दिवाणाशेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांची नजर बायकोच्या तळपायावर गेली.

उजव्या पायाखाली ठिपका होता. पिवळा, थोडा झिजलेला. बऱ्याच वर्षांचा असावा.

डावीकडे शेपटी.

टीव्हीत कुणीतरी कुणाची तरी माफी मागत होतं. सुरेंद्रांनी वाकून उजवा मोजा काढला. हळूहळू काढला. पाय मांडीवर घेऊन उलटा केला.

तळवा स्वच्छ होता.

मार्कर खिशात होता. टोपण काढून एक ठिपका द्यायचा, दोन सेकंदांचं काम. पण बत्तीस वर्षांत एक नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. स्वतःचा नग स्वतः पास करायचा नाही. दुसऱ्याने बघायचा.

"चित्रा," ते म्हणाले, "जरा ठिपका देतेस?"

चित्राबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. चष्मा लावला. मार्कर घेतला आणि त्यांची टाच तळहातावर धरून दिव्याच्या उजेडाकडे केली. घाई नव्हती, राग नव्हता. अंगठ्याने त्यांनी तळव्यावरची धूळ पुसून बघितली.

"हा कुठल्या सेटमधला?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने टीपॉयवर पालथा ठेवलेला लाल ट्रे सुलटा केला.